मेणाने वाढलेलं ॲव्हरेज

तीर्थस्वरूप वन्सं यांना भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. कमरेने वाकायचे दिवस गेले.)

गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तुम्ही काही ना काही निमित्त काढून तो चढत असणारच. मी तिथे असते तर खालच्या पायरीवर ठाण मांडून बसले असते. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमचे बंधू तर जरा जास्तच बरे आहेत, आणि त्याचीच मला काळजी लागली आहे. फोनवर सांगितलं असतं, पण मी फोन उचलला की हे नेमके त्याच खोलीत चष्मा शोधायला येतात. (चष्मा डोळ्यांवर असतो.)

तुम्हाला ठाऊकच आहे, उभी हयात यांनी वजनमापं तपासण्यात घालवली. दुकानदाराने पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक हे रस्त्यापलीकडून ओळखायचे. निवृत्त झाले आणि तपासायला काही उरलं नाही. मग माझी भाजी पुन्हा मोजून झाली, पिठाचा डबा मोजून झाला, एकदा तर मी वजनकाट्यावर उभी असताना काट्यावरच संशय घेतला. (तो एकच दिवस मला यांच्याबद्दल अपार प्रेम वाटलं.) अशात गाडी आली आणि घराला शांतता लाभली, कारण गाडीला ॲव्हरेज असतं. पंपावर टाकी भरली की हे मीटरचा आकडा डोक्यात ठेवतात, पुढच्या वेळी टाकी भरताना तेवढ्या किलोमीटरला पेट्रोलने भागतात, आणि उत्तर काय येईल त्यावर आमच्या घरातलं हवामान ठरतं.

गाडी आली त्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, मलाही शिकवा. त्यावर तुमच्या बंधूंचं उत्तर : "कशाला? मी आहे ना." वन्सं, या तीन शब्दांवर बायकांची आख्खी आयुष्यं निघून जातात. मग तुम्ही जिन्यावरून पडलात. यांना सणकून ताप, बाहेर एक वाहन मिळेना, आणि आपली गाडी दारात ठोंब्यासारखी उभी. टाकी भरलेली, किल्ली खुंटीला, आणि मी खिडकीत. त्या दिवशी मी रडले, हे तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगते. बरं वाटल्यावर मी पुन्हा विषय काढला, तर म्हणाले, आधी ॲव्हरेज स्थिर होऊ दे, नवशिक्या हाताने ते पडतं. म्हणजे माझं शिकणं ॲव्हरेजवर येऊन अडलं.

आता मेणाकडे वळते. आमच्या खालच्या मजल्यावर पोहणं शिकवणारे मास्तर राहतात. त्यांनी यांना सांगितलं की शर्यतीतले पोहणारे अंगावरचे केस काढून टाकतात, म्हणजे पाणी अडत नाही. झालं! हे जिना चढून आले ते डोळ्यांत चमक घेऊनच. पाण्याला जो न्याय तोच वाऱ्याला. गाडीला मेण चोपडायचं, वारा तिच्यावरून घसरणार, इंजिनाचे कष्ट वाचणार आणि पेट्रोलही वाचणार. मी म्हटलं, गाडी रंगवून आली आहे, आधीच गुळगुळीत आहे, वाऱ्याला आणखी किती घसरवाल? तर म्हणाले, तुला विज्ञानातलं कळत नाही. (उकळतं दूध वर कधी येतं हे मला कळतं आणि यांना चाळीस वर्षांत कळलेलं नाही, पण ते विज्ञान नव्हे.)

मला न विचारता बाजारात गेले आणि जे पहिलं चकचकीत दुकान दिसलं त्यात शिरून म्हणाले, वॅक्स द्या. ते दुकान बायकांच्या सौंदर्यप्रसाधनांचं होतं. दुकानातल्या मुलीने विचारलं, हाताला हवं की पायाला? हे ऐटीत म्हणाले, "फुल बॉडी." ती बिचारी जरा घुटमळली. तिने विचारलं, त्वचा नाजूक आहे का? यांना वाटलं रंगाबद्दल विचारते आहे, म्हणाले, नवीच आहे, अजून ओरखडाही नाही, पण उन्हात फार तापते. तिने निमूटपणे सर्वांत मोठा डबा दिला. हा संवाद यांनीच मला घरी येऊन सांगितला, आणि तोही त्या मुलीच्या ज्ञानाचं कौतुक करत. मी डबा पाहिला आणि तोंड उघडणार, तोवर स्वारी खाली पोहोचलीसुद्धा.

ते मेण केस उपटायचं, वन्सं! काकवीसारखं घट्ट आणि चिकट. यांनी ते बॉनेटवर ओतलं आणि माझ्या नव्या टॉवेलने घासायला घेतलं. टॉवेल जो बसला तो बसलाच. मग वारा सुटला. घसरायचं सोडून तो सोबत धूळ, पाचोळा आणि कुणाच्या तरी उशीतला कापूस घेऊन आला आणि सगळं आमच्या गाडीला देऊन गेला. शेवटी मास्तरांचं मांजर उन्हात बसायला म्हणून बॉनेटवर चढलं. त्याला आम्ही तिघांनी मिळून सोडवलं, पण अर्धी शेपूट मागे राहिली. (म्हणजे शेपटीवरचे केस. मांजर सुखरूप आहे, बोलत मात्र नाही.) जगात त्या मेणाने सगळ्यांचे केस जातात, आमच्या गाडीला आले.

पण हे हार मानतील तर तुमचे भाऊ कसले! गाड्यांच्या दुकानातून खरं मेण आणलं, मी घासून घासून गाडी पूर्वपदावर आणली, आणि यांनी तिला असं मेण लावलं की तिच्यात पाहून भांग पाडावा. पुढच्या काचेलाही लावलं. पहिल्या सरीला वायपर असे सरकले की पाणी होतं तिथेच राहिलं आणि आम्ही मान बाहेर काढून घरी आलो. तरी एवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण वन्सं, ॲव्हरेज खरंच वाढलं! पंपावर भागाकार केला आणि हे भर रांगेत टाळी वाजवून मोकळे. पुढच्या खेपेला आणखी वाढलं. आता हे मास्तरांना, दूधवाल्याला, दाताच्या डॉक्टरला (तोंड उघडं असताना) मेणाचे फायदे सांगत फिरतात. निवृत्तीनंतर इतकं खूश मी यांना पाहिलं नव्हतं. रोज सकाळी शीळ घालत गाडी पुसतात. मला मनापासून बरं वाटतं, आणि तितकीच धडकी भरते.

पत्र लांबलं. गुडघ्याला शेक द्या आणि जिन्याला जरा विश्रांती द्या.

तुमची,
भावजय

ता. क. — धडकी का भरते ते लिहिते. हे दुपारी वामकुक्षीला पडले की मी गाडी घेऊन जाते. मोटार शिकवणाऱ्या एक बाई कोपऱ्यावर माझी वाट पाहतात. जेवढं पेट्रोल जळतं तेवढं मी परत भरून आणते. यांच्या हिशोबात माझे किलोमीटर येतात, माझं पेट्रोल येत नाही. मेणाची करामत ती हीच. खरं सांगावं तर यांची शीळ बंद होईल; न सांगावं तर चोरून किती दिवस चालवू?

दुसरा ता. क. — परवाना काढायची परीक्षा जवळ आली आहे. तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. तेव्हा एवढं करा : फोन करून दरडावा, की बायकोला गाडी शिकव, मला तिची गरज लागते. मेणाचं नाव काढू नका. पत्र यांच्याच हातून पेटीत टाकते, म्हणजे संशय नको.

अक्का,

हिने पेटीत टाकायला दिलेलं पाकीट तळहातावर घेतलं तेव्हाच कळलं, खुशालीच्या पत्राचं वजन हे नव्हे. डिंक ओला होता, उघडलं. रागावू नकोस.

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. संध्याकाळी गाडीत बसलो आणि गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट पुढे ओढून ठेवलेली. खोटं माप ओळखण्यात माझा जन्म गेला, मेणाने पेट्रोल वाचत नाही एवढं मला समजतं. पण "मी आहे ना" म्हणून बसलो होतो, आता शब्द कोणत्या तोंडाने फिरवू? ॲव्हरेज वाढलं म्हणून मी नाचतो तोवर ती निर्धास्त गाडी काढते, म्हणून नाचतो.

तू फोन करच. मी थोडा आरडाओरडा करीन, मग कबूल होईन. रिव्हर्स तिचा अजून कच्चा आहे, तो मी शिकवीन. यातलं तिला काही सांगू नकोस. फक्त फोन लवकर कर, अक्का. दुपारी मी डोळे मिटून पडतो, गाडी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज येतो, आणि ती परत आल्याचा आवाज येईपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागत नाही.