तीनशे अडतीस

फोर्क क्रीक, माँटाना
८ एप्रिल २०१८

प्रिय एमेट,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नाही, आतली सही बघितल्यावर कळलं. एका डोळ्यानं लिहिताना तुझ्या ओळी उताराला लागतात. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण दुकान चालू आहे. इथे अजून कुंपणाच्या कडेनं बर्फ साचलेलं आहे आणि गव्हाचे पट्टे काळेच आहेत. तिकडे आयडाहोत तुमच्याकडे बटाट्याची लावणी सुरू झाली असेल.

मार्गिटच्या थडग्यावर दगड बसवला. जमीन गोठलेली होती म्हणून इतके महिने थांबलो होतो. फक्त नाव आणि साल आहे. लग्नाचं, तुझं आडनाव घातलेलं नाही, ते तिनंच सांगून ठेवलं होतं. तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसलास आणि कॉफी न घेता गेलास, ते मी पाहिलं होतं.

आता तुझ्या कामाचं. ऑगस्टच्या हजार यार्डांच्या नेमबाजी स्पर्धेत तुला पुन्हा उतरायचं आहे, डाव्या खांद्यावरून. बारा वर्षांनी. चार वर्षं तू गोठ्यामागच्या माळावर एकटा सराव करतोयस हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तुला डावखुरी रायफल बांधून द्यावी, आणि कॅलिबर तू आधीच ठरवलं आहेस : तीनशे अडतीस मॅग्नम.

ते घेऊ नकोस. साडेसहा मिलिमीटर घे. फारच मॅग्नमची हौस असेल तर सात मिलिमीटर मॅग्नम घे, त्याच्यावर जाऊ नकोस. तीनशे अडतीस हे मैलाच्या पुढचं हत्यार आहे. हजार यार्डांवर त्याचा काही उपयोग नाही, नुसता आवाज आणि धक्का. आपल्या क्लबात नळीच्या तोंडावर धक्का कमी करणारी टोपी लावू देत नाहीत, शेजाऱ्याच्या कानठळ्या बसतात म्हणून. म्हणजे सगळा धक्का तुझ्या खांद्यात आणि खांद्यातून डोक्यात. तू त्रेसष्ट वर्षांचा आहेस. चौथ्या गोळीला डोळे मिटायला लागशील आणि मग नेम कसला?

तुझ्या ब्रिटाचा फोन आला होता. तुझ्या तब्येतीचं काहीबाही बोलली. पोरगी आईसारखीच काळजी करते.

साडेसहासाठी नळी मागवायची तर लवकर कळव.

तुझा,
हॅल्वर


फोर्क क्रीक
३ मे २०१८

प्रिय एमेट,

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक.

चारच ओळी लिहिल्यास तू, पण बरोबर बोट ठेवलंस. बारा वर्षांपूर्वी याच दुकानात याच टेबलावर मी तुला म्हणालो होतो की तीनशे अडतीसशिवाय वारा कापला जात नाही. आणि आता म्हणतो, उपयोग नाही. तू विचारतोस, तेव्हा खोटं बोलत होतास की आता?

तेव्हा.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. पहिल्या दोन्हींत असं लिहिलं होतं की तुझ्या डोळ्याचा मला पत्ताच नव्हता. मग पुन्हा ब्रिटाचा फोन आला. तुझ्या डाव्या डोळ्याचा पडदाही पातळ झालाय, डॉक्टरनं धक्क्याची कामं बंद करायला सांगितलीत, आणि तू ते मला लिहिलं नाहीस. पोरगी म्हणाली, "मामा, बाबा माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. मी सांगितलं असं मात्र सांगू नका."

एमेट, हेच शब्द मी एकदा ऐकले आहेत. तिच्या आईच्या तोंडून.

सन दोन हजार सहाचा मार्च. मार्गिटनं दुकानात फोन केला. म्हणाली, "दादा, एमेटच्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटला होता, बिलिंग्जला जाऊन शिवून आणलाय. क्लबात कुणाला कळू द्यायचं नाही म्हणतो. डॉक्टर म्हणाले, जोराचा धक्का बसला तर पडदा सुटून येईल. त्याला मोठी रायफल हवी आहे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तू त्याला लहान कॅलिबर घ्यायला लाव. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस." मी म्हणालो, लावतो.

दुसऱ्याच दिवशी तू आलास. सात मिलिमीटर की तीनशे अडतीस, एवढंच विचारलंस. मी वहीचा कागद फाडून वाऱ्याचा तक्ता काढला. हजार यार्डांवर सातची लांब गोळी आणि तीनशे अडतीसची जड गोळी वाऱ्यात जवळपास सारख्याच सरकतात. बोटभराचा फरक पडला तर पडेल. मी तुला हातभर फरक दाखवला. आकडे मनानं लिहिले. तू मान हलवलीस आणि कागद खिशात घातलास. नळी मी त्याच दुपारी मागवली.

का, ते तुला कळायला हवं. सात वर्षं स्पर्धेतली पहिल्या नंबरची पाटी तुझी आणि दुसऱ्या नंबरची माझी. त्याचं मला इतकं वाटलं नसतं. पण माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तू क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मला टोपी दिलीस, पुढं मोठा दोनचा आकडा भरतकाम केलेली. "घाल रे हॅल्वर, तुझी जागा कुणी घेऊ नये म्हणून." सगळे हसले. मार्गिट हसली. माझी सख्खी बहीण. मी ती टोपी घालून केक कापला. तुला आठवतही नसेल.

मला तुझा नेम बिघडवायचा होता, डोळा नाही, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगितलं. पण दोन्ही बिघडणार हे मला माहीत होतं. नळी बसवताना माहीत होतं. मेमध्ये तू सरावाला लागलास आणि मी शेजारी बसून तुझ्या गोळ्या मोजायचो तेव्हाही. जुलैत एका सकाळी तू रायफल खाली ठेवलीस आणि म्हणालास, "उजवीकडून काळं काहीतरी खाली येतंय." तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? की ऑगस्टला आता तू नाहीस.

आणखी आहे. हॉस्पिटलच्या बोळात मार्गिटनं विचारलं, "दादा, तू त्याला सांगितलं होतंस ना?" मी म्हणालो, "सांगितलं होतं. ऐकलं नाही त्यानं." तिनं घरी येऊन तुला विचारलं असणार. तू खरं तेच बोलला असशील, की हॅल्वरनंच मोठी घ्यायला लावली. आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती. डोळा गेला ते तिनं सोसलं असतं रे. पण पाटीसाठी डोळा घालवला आणि वर भावावर ढकलतो, हे तिच्या डोक्यात बसलं. दोन वर्षांनी ती ब्रिटाला घेऊन माझ्या घरी राहायला आली तेव्हा दारात म्हणाली, "खोटारड्या माणसाबरोबर राहण्यापेक्षा तुझं माजघर बरं." मी तिची बॅग आत घेतली.

ती मरेपर्यंत माझ्याच घरी होती. सांगायला नऊ वर्षं होती. शेवटच्या आठवड्यात तिनं तुझं नाव दोनदा काढलं. मी तिच्या उशा सारख्या केल्या.

आता तुला कळलं की मला हे लिहायला का लागलं. नुसतं नको म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं की म्हातारा अजून जळतो. म्हणून सगळं सांगितलं. तीनशे अडतीस घेऊ नकोस. तुला काय माझं वाईट करायचं असेल ते कर, पण ते दुसऱ्या कशानं तरी कर.

हॅल्वर


फोर्क क्रीक
१६ सप्टेंबर २०१८

प्रिय एमेट,

हे पत्र ब्रिटा तुला वाचून दाखवेल. ब्रिटा, मधलं काही गाळू नकोस. मेमधलं माझं पत्र बाबांच्या सामानात असेल तर ते आधी वाच. मग मला मामा म्हणायचं की नाही ते ठरव.

बिलिंग्जहून तिनं कळवलं की शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी आशा सोडली आहे. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. मी भेटायला आलो नाही, कारण मला आत सोडू नये असं तू नर्सला सांगून ठेवलं आहेस. ठीक आहे.

मेच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. फोन केलास, बारा वर्षांत पहिल्यांदा, आणि एकच बोललास. "एक डोळा काढून घेतलास, आता दुसऱ्याची काळजी वाटते म्हणून सांगतोस? तुला भीती वाटते, मी एका डोळ्यानंही तुला हरवेन." आणि फोन ठेवलास. मला वाटलं, राग गेला की पटेल. तू मिझुलातल्या कुठल्याशा दुकानातून रायफल बांधून घेतलीस. तीनशे अडतीस.

ऑगस्टला तू पडून नेम धरायला माझ्या शेजारची चटई मागून घेतलीस. माझी फेरी संपली होती, म्हणून तुझ्यामागे दुर्बिणीवर मीच बसलो. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. तुझ्याशी काय बोलायचं, कुणाला कळत नव्हतं.

एमेट, मी चाळीस वर्षं ही स्पर्धा बघतोय, तसली नेमबाजी बघितली नाही. गोळी बसली की खड्ड्यातली माणसं निशाणाचा कागद खाली ओढायची, भोकावर पांढरी चकती लावून वर पाठवायची, आणि प्रत्येक चकती आधीच्या चकत्यांना चिकटून. आठ गोळ्या जेवणाच्या ताटलीखाली झाकल्या गेल्या असत्या. मागे लोक गोळा झाले होते. मला तुझा मत्सर वाटला नाही. हे तू मानणार नाहीस, पण त्या वेळी वाटला नाही.

नवव्या गोळीनंतर तू डोकं उचललंस. समोर बघत हळूच विचारलंस, "हॅल्वर, झेंडा कुठे गेला?"

वाऱ्याचा झेंडा तिथेच होता. लाल, दहा फुटी, भर उन्हात.

मी म्हणालो, "एमेट, बस झालं. ऊठ." तू म्हणालास, "खालून काळं येतंय. मधलं अजून दिसतंय. एकच राहिली. वारा सांग."

मी हात धरून तुला उठवायला हवं होतं. पंचांना हाक मारायला हवी होती. ब्रिटा वीस पावलांवर होती. तू पुन्हा म्हणालास, "तू माझं देणं लागतोस. वारा सांग." आणि मी सांगितला. डावीकडून, दीड. तू रायफलवरच्या दुर्बिणीची घुंडी तेवढी फिरवलीस, श्वास सोडलास, दाबलंस.

मी खरा वारा सांगितला. याला साक्षीदार नाही आणि माझ्या शब्दाला तुझ्याकडे काय किंमत आहे ते मला माहीत आहे. पण मी झेंडा बघून सांगितला, आणि तुझं बोट चापावर जाईपर्यंत वारा पडला.

तू तसाच चटईवर गाल टेकून पडून राहिलास. विचारलंस, "बसली?"

मी दुर्बिणीतून बघत होतो. निशाणाचा कागद खाली गेला नाही. मी म्हणालो, "बसली. मधोमध."

तू हसलास. गेल्या बारा वर्षांत तू माझ्यासमोर हसला नव्हतास. मग तू उठायला गेलास आणि हात हवेत चाचपत राहिलास, आणि ब्रिटानं तुला गाडीत घातलं. निकाल वाचले तेव्हा तुम्ही अर्ध्या वाटेवर होतात. क्लबातल्या सगळ्यांनी ठरवलं की तुला कुणी काही सांगायचं नाही. तुला फुलं पाठवली, चिठ्ठीत अभिनंदन लिहिलं. तू हॉस्पिटलमध्ये प्रत्येकाला सांगतोस म्हणे, दहाच्या दहा.

एक गोळी कागदाबाहेर गेली की फेरी बाद. पहिली पाटी या वर्षी मला मिळाली. तू नसतानाच्या वर्षांतही ती कधी मला मिळाली नव्हती, पोरंसोरं घेऊन जायची. ती मी नको म्हणालो नाही. दुकानात लावली आहे.

आता ब्रिटा कळवते की तुला तुझ्या निशाणाचा कागद हवाय. बोटांनी भोकं चाचपून मोजायची आहेत. क्लबच्या सेक्रेटरीनं तो गुंडाळी करून माझ्याकडे आणून दिला. कागदाबरोबर एक सुटी तीनशे अडतीसची गोळी टेबलावर ठेवून गेला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. टोकाला थोडं काळं तेल लावायचं, लाकडावर कागद पसरायचा आणि हातोडीचा एक ठोका, की दहावं भोक तयार. तुझ्या बोटाला फरक कळला नसता. ब्रिटालाही कळला नसता.

मी कागद पसरला. गोळी आठव्या आणि नवव्या भोकाच्या मधे धरली. मग हातोडी बाजूला ठेवली.

मार्गिटला मी खोटं सांगितलं तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं, मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. तुला "बसली" म्हणालो तेव्हा कुणासाठी म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही. आणि ते कळल्याशिवाय मी हातोडी मारणार नव्हतो.

कागद सोबत पाठवत आहे. ब्रिटा, त्यांचा हात धरून प्रत्येक भोकावर ने. घाई करू नकोस, सगळी जवळजवळ आहेत.

नऊ आहेत, एमेट. नीट मोज. कुणी दहा म्हणालं तर ऐकू नकोस.

ज्यानं तुला वारा सांगितला तो,
हॅल्वर