शीलाचं नाव काढायचंय

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार
श्रावण लागला. आता महिनाभर गिऱ्हाईक मासळीच्या टोपलीकडे बघणार नाही. वेळच वेळ, म्हणून डायरी. लेकीची, शीलाची, कोरी पडलेली. मी चौथी पास, अक्षर मोठं, पानं लवकर संपतील. संपू देत.

बाजारात पोपटराव भेटला. कंपनीतून रिटायर होऊन स्टेशनजवळ कंप्युटरचं दुकान टाकलंय त्याने. म्हणाला, मंजुळाबाई, शीलाच्या नावाने माझ्या मशीनवर अजून पत्रं येतात. युनिव्हर्सिटीत एकत्र शिकलेल्यांचा पुस्तकांचा क्लब आहे म्हणे, ऑनलाइन. महिन्याला एक पुस्तक वाचायचं, मग मशीनवर मत लिहायचं. कावीळ होऊन शीला गेली त्याला वर्ष होईल. पत्रं कसली पाठवतात.

ठरलं. उद्या एकदाच जायचं, नाव काढायला सांगायचं, विषय बंद.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
गेले. मशीन आधी फोन लावतं. पाटीवर नखं ओढल्यासारखा आवाज. मग पोपटराव नुसताच म्हणाला, मंजुळा. मी म्हटलं, बाई लावायला काय झालं? तर म्हणाला, पासवर्ड आहे तो, शीलाने माझ्या वहीत लिहून ठेवलेला. कुलपाला आईचं नाव, आणि आईला पत्ता नाही.

मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं. मी सांगितलं, त्याने बोटं चालवली. एकच ओळ. शीलाचं नाव काढायचं आहे. सरळ काम.

दोन मिनिटांत पत्र आलं. वर नाव शीला. आत, शीलाचं नाव काढायचं आहे.

पोपटराव म्हणाला, घाबरू नका, क्लबला पाठवलेलं सगळ्यांना जातं, पाठवणाऱ्यालाही. तुमचंच तुम्हाला परत. कळलं मला. घाबरले कुठे? चहा सांडला कारण कपाचा कान तुटका होता.

१६ ऑगस्ट, सोमवार
उत्तर आलंय. डोंबिवलीची कलावती, क्लब चालवणारी. लिहिते, जरूर काढा, आम्ही सगळे तुमच्या सोबत आहोत, या महिन्याचं पुस्तक तुमच्याकडे असेलच. एवढी शिकलेली बाई, नाव काढा म्हटलं तर पुस्तक वाचा म्हणते. शीलानेच लिहिलं असं वाटलं असणार तिला. शीलाला अहोजाहो करते. शिकलेल्यांत मान असतो.

पुस्तक शीलाच्या फळीवर सापडलं. चारशे पानं. चार दिवसांत उडवते. नावाचं नंतर बघू.

२२ ऑगस्ट, रविवार
पान एकतीस. डोळे दुखतात, चष्म्याचा दोष.

आज शीलाचं वर्ष. जाऊबाई आवडाबाई सकाळीच दारात. म्हणाली, वाडी ठेव पोरीची, कावळा शिवला की सुटेल ती. मी म्हटलं, वाडी गेलेल्या माणसाची ठेवतात, माझी पोरगी पत्रं लिहिते. ती म्हणाली, कंप्युटरलाच नैवेद्य दाखव तुझ्या, त्याच्यावर बसेल कावळा. निघून गेली.

पत्रं मीच लिहिते, ते काय मला ठाऊक नाही? तोंडातून गेलं.

२४ ऑगस्ट, मंगळवार
मत पाठवलं. ही पुस्तकातली बाई चारशे पानं खाडीकडे बघत बसते, पण भरती कधी आणि ओहोटी कधी हे एकदाही बघत नाही. नवरा बुडला तर बुडणारच. (मधली दोनशे पानं राहिलीत. पाण्याचं कळायला सगळं वाचावं लागत नाही.)

परत आलं. शीलाच्या नावाखाली बरोबर तिचंच वाटलं. तीही असंच तोडून बोलायची.

२६ ऑगस्ट, गुरुवार, नारळी पौर्णिमा
आमचं सगळं बाळकुम गाव नारळ घेऊन खाडीवर. हे एकटेच गेले. मला वेळ नव्हता.

एकोणीस उत्तरं. लोक हसून लोळले म्हणे. एकाने लिहिलंय, तुमच्यासारखं आमच्यात कोणी वाचत नाही. एकोणीस पदवीधर गुंडाळले. एकालाही संशय नाही.

७ सप्टेंबर, मंगळवार
ठरवलेलं, आठवड्याला एकच पत्र. गेल्या आठवड्यात चार झाली. क्लबचं काम आहे, अर्धवट टाकता येत नाही.

आज पुस्तकाबद्दल सांगायला काही नव्हतं. तरी खुर्चीत बसले. पोपटराव म्हणाला, काय लिहू? म्हटलं, लिही, जेवलीस का. त्याने माझ्याकडे बघितलं. लिहिलं.

आलं परत. शीला विचारते, जेवलीस का. मी म्हटलं, हो गं, भात आणि सुका जवळा. पोपटराव उगाच पंखा पुसायला उठला.

८ सप्टेंबर, बुधवार
पंधरा पत्रं. हो, जेवलो. हो, जेवले. टिटवाळ्याच्या एकाने लिहिलं, डबा उघडतोच आहे. अमेरिकेतली एक म्हणते, इथे आत्ता सकाळ आहे, पण जेवेन. सगळ्यांना जातं हे विसरलेच. लोकांना कामधंदा नाही. तरी बरं, कोणाच्या काही लक्षात आलेलं नाही.

२८ सप्टेंबर, मंगळवार
रविवारी कलावतीच्या घरी सगळ्यांनी जमायचंय. लिहिते, तुम्ही यायलाच हवं. आता आली पंचाईत.

प्लॅन तयार. मीच जाणार. सांगणार, शीलाला मस्कतला नोकरी लागली, तातडीने जावं लागलं. सोबत तळलेले बोंबील, म्हणजे तोंडं भरलेली राहतील, प्रश्न कमी. यांना म्हणून दाखवलं. हे म्हणाले, मस्कतला कोण आहे आपलं? चपला घालून बाहेर गेले. जेवायची वेळ झाली तरी परत आले नाहीत.

३ ऑक्टोबर, रविवार
डोंबिवली. तिसरा मजला. दारातच सांगून टाकलं, शीला मस्कतला गेली, मी तिची आई.

कलावतीने हातातला डबा घेतला. म्हणाली, मावशी, दहाव्याला मी तुमच्या शेजारीच बसलेले. तुम्ही मला दोनदा विचारलंत, जेवलीस का.

आत बाराजण होते. एकजण बशीकडे बघत बसला.

मी म्हटलं, मग माहीत असून मेल्यांनो शीला शीला करून पत्रं का पाठवलीत? आणि पहिल्याच पत्रात मी नाव काढायला सांगितलेलं. ती म्हणाली, म्हणून तर. आम्ही म्हटलं, लेकीचं नाव काढायला आईने पुस्तक हातात घेतलंय. आणि काढलंत की, मावशी.

क्लबच्या वहीतून काढायचं म्हणत होते मी. एवढे शिकलेले, एकाला कळलं नाही. तसं बोलणार होते. त्याऐवजी डबा मागून घेतला आणि बोंबील वाढले. गार झाले असते.

बोंबील पाच मिनिटांत संपले. कोणाचंही तोंड बंद झालं नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार, सर्वपित्री
वाडी ठेवली. कोलंबीचं कालवण, भात, वर चिमूटभर साखर, तिला लागायची तशी. आवडाबाई बाजूला उभी. हे छपराकडे बघत. कावळा लगेच आला. आमची पोरगी तीन हाका मारल्याशिवाय कधी पानावर आली नाही.

दुपारी पोपटरावकडे. म्हटलं, आता नीट लिही, कोणाला दोन अर्थ लागता कामा नयेत. शीला गेली. मागच्या वर्षी श्रावणात गेली. वहीतून तिचं नाव कमी करा. तो म्हणाला, पाठवू? म्हटलं, विचारतोस काय?

दोन मिनिटं लागली.

आलं. वर नाव शीला. आत, शीला गेली. मागच्या वर्षी श्रावणात गेली. काचेवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

आता तिनेच सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलणार.