स्टेडियमच्या दारातला गाळा आणि फिकट बदामी बटण

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या नव्या गुडघ्याला वेगळा, कारण त्याची आणि माझी अजून ओळख झालेली नाही.

तब्येत कशी आहे? ताई फोनवर सांगत होती की तुम्ही जिना उतरताना काठी घेता आणि डॉक्टरांशी भांडताना ती उगारता. दोन्ही व्यायाम चालू ठेवावेत. लेकीच्या घरी विश्रांती मिळते आहे, वेळेवर जेवण मिळते आहे, टीव्हीचा रिमोट मात्र जावयांकडे आहे, असेही कळले. सगळीच सुखे एकदम लाभत नाहीत. इकडे सर्व क्षेम आहे; म्हणजे दुकान उभे आहे, मामी गल्ल्यावर बसल्या आहेत आणि मी त्या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत स्टुलावर टेकलेला आहे.

आता विषयाकडे वळतो. (सर विषयाकडे वळतात पण पोहोचत नाहीत, असे माझे विद्यार्थी म्हणतात. वाणिज्य शाखेतील आजची पिढी उतावळी आहे.) जाताना तुम्ही माझ्यावर सोपवलेली कामगिरी अशी: स्टेडियमलगतची आपली गल्ली पाडून बिल्डर तिथे भव्य बाजारसंकुल उभारणार आहे. आपल्या बटण-दोऱ्यांच्या दुकानाच्या बदल्यात एकतर स्टेडियमच्या दारासमोरचा नवा गाळा घ्यायचा, नाहीतर मोबदला घेऊन दुकान कायमचे बंद करायचे आणि तुम्ही उभयतांनी ताईकडेच राहायला जायचे. या आठवड्याअखेर उत्तर कळवायचे आहे. तुमचा कल मोबदल्याकडे आहे, हे तुम्ही शस्त्रक्रियेला जाताना स्ट्रेचरवरूनही सांगितलेत. तरीही ‘तू शिकलेला आहेस, नीट अभ्यास करून सविस्तर लिही,’ अशी आज्ञा झाली. मामी यावर अद्याप काही बोललेल्या नाहीत. त्या गिऱ्हाईकात होत्या.

अभ्यासाचा आरंभ मी बिल्डरच्या माहितीपुस्तिकेपासून केला. तिच्यातील चित्रे अत्यंत उद्बोधक आहेत. चित्रातल्या भावी बाजारात सर्व माणसे सडपातळ आहेत, ती एकाच दिशेला पाहून हसत आहेत आणि कोणाच्याही हातात पिशवी नाही. ज्या बाजारातून सगळेच मोकळ्या हातांनी परतताना दाखवले आहेत, त्या बाजाराविषयी दुकानदाराने काय निष्कर्ष काढावा, असा प्रश्न मी बिल्डरच्या माणसाला नम्रपणे विचारला. (हा तरुण टोकदार बूट घालून आठवड्यातून तीनदा येतो. मामी त्याला ‘टोकदार’ म्हणतात. तो येताना दिसला की सुयांचा डबा आत ठेवतात, जात एकच आहे म्हणून.) तो म्हणाला, “सर, सामन्याच्या दिवशी तुमच्या दारावरून पूर वाहील, पूर!” त्यावर मामी दोऱ्याचे रीळ गुंडाळत म्हणाल्या, “पुरात वाहून जाणारा माणूस काय बटणं घेत बसतो होय रे?”

मामा, गमतीचा भाग सोडला तर किरकोळ व्यापाराचे संपूर्ण शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे. गर्दी दोन प्रकारची असते: वाहती आणि थांबती. दुकानदाराला उपयोग केवळ थांबत्या गर्दीचा. देवळासमोर, दवाखान्यासमोर, शाळेसमोर गर्दी थांबते, कारण आत गेलेले कोणीतरी बाहेर यायचे असते. स्टेडियमसमोर मात्र सगळेच आत जातात आणि सगळेच एकदम बाहेर येऊन घराकडे पळत सुटतात. हे तत्त्व प्रत्यक्ष पडताळून पाहावे म्हणून गेल्या रविवारी, सामन्याच्या दिवशी, मी दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसलो. तत्त्व अक्षरशः खरे ठरले. दुपारभर माणसांचा लोंढा वाहिला. त्यातला एक इसम सुटे पैसे मागायला, एक बाई स्वच्छतागृह विचारायला आणि एक कुटुंबवत्सल गृहस्थ ‘इथे कुठे आमचा मेहुणा दिसला का’ हे विचारायला आत आले. खरेदी शून्य. “दारावर पाटी लावू का,” मामी म्हणाल्या, “चौकशी करा, बटणं घेतलीच पाहिजेत असं नाही?” इथे माझा अहवाल तुमच्या मनासारखा संपला असता.

परंतु इतक्यात एक नवी घटना घडली. स्टेडियमच्या दारावरचा पहारेकरी कोणालाही पिशवी आत नेऊ देत नव्हता. कापडी नाही, कातडी नाही, पाठीवरची नाही. ऑफिसातून परस्पर आलेली एक मुलगी रडवेली होऊन आपल्या दुकानात शिरली आणि मामींना म्हणाली, “काकू, एवढी बॅग ठेवाल का हो?” मामींनी ती गल्ल्याखाली सरकवली. मागून दुसरी आली, मग तिसरा, आणि पाहता पाहता गल्लीभर बातमी पसरली की बटणवाल्या काकू बॅगा ठेवून घेतात. मामा, मी वर्षानुवर्षे वर्गात मागणीचे वक्र काढीत आलो. मागणी स्वतःच्या पायांनी चालत येऊन “काकू” म्हणून हाक मारते, हे मी प्रथमच पाहिले. माझ्या अंगावर काटा आला.

मामींचे म्हणणे होते की खडूने बॅगेवर नाव लिहावे आणि विषय संपवावा. मी त्यांना समजावून सांगितले की नावे सारखी असू शकतात, खडू पुसला जातो आणि पद्धतीवाचून केलेला व्यवहार म्हणजे निव्वळ नशीब. आपल्याकडे नैसर्गिक पावत्यांचे भांडार असताना खडू कशाला? मी प्रत्येक बॅगेला एक बटण टाचले आणि त्याचेच जुळे बटण मालकाच्या हातात दिले. प्रत्येक जोडी निराळी: मोतिया, हस्तिदंती, सायीच्या रंगाची, बिस्किटी, बदामी, फिकट बदामी, त्याहून किंचित फिकट बदामी. लोक थक्क होऊन पाहत होते. (मामीही पाहत होत्या, पण थक्क होऊन नव्हे.)

ही पद्धत आजही निर्दोष आहे, असे माझे मत आहे. दोष प्रकाशाचा होता. सामना संपला तेव्हा अंधार पडला होता आणि गल्लीतले पिवळे दिवे लागले होते. त्या उजेडात मोतियापासून बदामीपर्यंतची सारी सृष्टी पातळ चहाच्या एकाच रंगाची झाली. बाहेर शंभरेक माणसे मुठीत एकेक चहाच्या रंगाचे बटण धरून उभी, त्यांतली निम्मी हरलेल्या संघाची, म्हणजे आधीच तापलेली. मी एका दाढीवाल्या पैलवानाला जी बॅग दिली तिच्यातून दुधाची बाटली आणि झबली निघाली. तो खवळून म्हणाला, “ओ मास्तर, हे कोणाचं बाळ माझ्या गळ्यात घालताय?” मी त्याला रंगदृष्टी व प्रकाशस्रोत यांचा संबंध स्पष्ट करू लागलो. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

तेव्हा मामींनी मला स्टुलावरून खाली ओढले, स्वतः त्यावर चढल्या आणि एकेक बॅग उंच धरून गर्जल्या, “आत काय आहे ते सांगा आणि घेऊन जा! बटणाचं नाव काढाल तर बॅग इथंच राहील!” पुढे जे झाले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तोंडाला हरलेल्या संघाचा रंग फासून दिवसभर घोषणा दिलेल्या एका तरुणाला, मित्रांच्या देखत, कबूल करावे लागले की बॅगेत जिंकलेल्या संघाचा शर्ट आहे. “दोन्हीकडची तयारी ठेवलेली बरी,” तो पुटपुटला. एका गृहस्थाने ‘औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी’ असे सांगताच मागून त्याच्याच साहेबांचा आवाज आला, “अरे वा, आता ताप कसा आहे?” साहेबांच्या स्वतःच्या बॅगेत काय होते, ते मी इथे लिहीत नाही; मामींनी ती न उघडता, डोळे मिटून त्यांच्या स्वाधीन केली.

आणि मामा, या तमाशात गर्दी थांबली! ज्यांच्या बॅगा मिळाल्या तेही हलेनात. पुढच्या बॅगेत काय निघते याची त्यांना उत्सुकता. थांबलेल्या माणसाचे लक्ष आपोआप स्वतःकडे जाते. उड्या मारून कोणाची बटणे तुटली होती, कोणाची शिवण उसवली होती. सेफ्टी पिना संपल्या. इलॅस्टिक संपले. दाढीवाल्या पैलवानाने बायकोसाठी लेस नेली आणि जाताना मामींच्या पाया पडला. टोकदार रस्त्यापलीकडून फोटो काढीत होता.

सबब शास्त्रीय निष्कर्ष असा: नव्या गाळ्याला भवितव्य आहे, मात्र त्यासाठी दर सामन्याला कोणीतरी माझ्याइतका पद्धतशीर घोटाळा करायला हवा. अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून, सर्व बाजूंचा साकल्याने विचार करता, तुमच्या इच्छेप्रमाणे मोबदला घ्यावा हेच श्रेयस्कर, असे मी विनयपूर्वक सुचवतो. गुडघ्याची काळजी घ्यावी. ताईला व जावयांना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. वरील पत्र मी मामींना वाचून दाखवले. त्यांनी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, खुशाल लेकीकडे राहा. मी तिथं दिवसभर काय करू? त्या घरात साऱ्यांच्या कपड्यांना चेन आहे.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणून शेवटचा परिच्छेद रद्द समजावा.

दुसरा ता. क. मामींनी सोमवारीच जाऊन गाळ्याच्या होकारावर सही केली आहे. करबचतीसाठी तुम्ही दुकान केव्हाच त्यांच्या नावावर करून टाकले होते, हे आपल्या तिघांपैकी फक्त त्यांच्याच लक्षात होते.

तिसरा ता. क. खरी विनंती एवढीच: या रविवारी फोन करून तुम्ही ‘खूप विचार केला, गाळाच घेऊ’ असे स्वतःहून म्हणावे. मामी आधी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतील. त्या वेळी तुम्ही गप्प राहावे. तुमचा बेत काही वेगळा असल्यास फोन दुकानात करावा, मला करू नये; मी वर्गात असेन, रविवार असला तरी.