कुरवाच्या पंखातला गळ

प्रिय बाबा,

काल माझ्या हातून एका कुरवाच्या पंखातला गळ निघाला. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून अकोल्याला परतताच लिहायला बसले.

हिवाळ्यात समुद्र सोडून आपल्या तलावावर येणारे हे पांढरे पक्षी तुम्हीच मला लहानपणी दाखवलेत. तेव्हा रविवारी तुम्ही स्वतः गळ टाकून बसायचात. एकदा तुम्हीच तोडून टाकलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात अडकून बाभळीवर एक कुरव मेलेला दिसला. त्या दिवसापासून तुमची मासेमारी बंद झाली. पुढे आयुष्यभर काठावरचे दोरे वेचत राहिलात, जखमी पक्षी सोडवत राहिलात.

मागच्या हिवाळ्यात तुमचा फोन आला. "वंदे, एक कुरव सापडला. माहा हात थरथरून राह्यला. धराले कोणी पायजे. तू येतं का?"

मी म्हणाले, पेपर तपासायचे आहेत, सुट्टीला येते. आले तेव्हा तुम्ही त्याला पुरून आला होतात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. का नाही बोललात, बाबा? रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. उन्हाळ्यात तुम्हीही गेलात.

काल भातकुलीला आईकडे गेले होते, तर तलावावर फेरी मारली. काठाशी एक कुरव फडफडत होता. पंखात गळ, पायाला दोरा. एकटीनं धरायची हिंमत होईना. जवळच मासे धरत बसलेल्या एका काकांना हाक मारली. त्यांनी टॉवेल टाकून त्याचे डोळे झाकले, पंख धरून ठेवला. मग तुम्ही सांगायचात तसंच मी केलं. गळ मागे ओढला नाही. टोक पुढे काढलं, काकांच्या पक्कडीनं तोडलं, मग दांडा अलगद मागे घेतला. पायातला दोरा मात्र इतका रुतला होता की एक बोट काळं पडलं होतं.

काकांनी तो दोरा कापून हातात घेतला. मग म्हणाले, "आमी तं गुंता झाला का दोरा तोडून फेकून देतो, बाई. असं होते हे माईत नोतं."

मी त्यांना तुमच्या हातून झालेली चूक सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. चालेल ना?

अमरावतीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेला, त्यांनी त्याला चार दिवसांसाठी ठेवून घेतलाय. बोट जाईल म्हणाले. उडेल की नाही, ते सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी जाणार आहे. उडाला तर तलावावर सोडीन. नाही उडाला, तर तो एकटा राहणार नाही. एवढं मी पाळीन, बाबा.

तुमची,
वंदना