डिकीतलं कुलूप

अल-खोबर, जानेवारी

प्रिय तन्वी,

उद्या सकाळी तुझ्या वर्गातला शादाब गाडी न्यायला येतो आहे आणि डिकीत बॅटरीच्या स्विचवर तुझं कुलूप अजून तसंच आहे. गाडी त्याच्या दुकानात उतरली की त्याचा मेकॅनिक पहिलं काम ते तोडायचं करील. तुला न सांगता ते होऊ नये, म्हणून लिहायला बसले. फोन केले होते, तू उचलले नाहीस. हे कुरियरने कॅलगरीला पोचेपर्यंत कुलूप तुटलेलं असेल, एवढं मला कळतं. तरी लिहून ठेवते.

इथली आवराआवर होत आली. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, बाबांच्या नावावर होता, ते गेल्यावर तो संपणारच होता. कंपनीच्या माणसाने फायनल एक्झिटचे, म्हणजे देश कायमचा सोडायचे, कागद केले, गाडी शादाबच्या नावावर करून दिली. माणूस बरा आहे, प्रत्येक सहीनंतर 'खलास, मॅडम' म्हणायचा. पडदे उतरवले. मोठी भांडी दिली. शेजारणी डोळ्यांकडे बघून जातात, मी रडले का ते तपासायला. मी रडलेले नाही. नाशिकला तू बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेलीस तेव्हाही आपण दोघी स्टीलचे डबे कुणाला द्यायचे याबद्दल बोललो. ठीक आहे. डब्यांचंही कुणीतरी बोलायला हवं होतं.

तू म्हणायचीस, तिकडे हिवाळ्यात लोक गाड्या झाकून ठेवतात आणि गॅरेजमध्ये हीटर लावून त्यांच्यात सुधारणा करत बसतात. इथे हिवाळ्यातच पत्र्याला हात लावता येतो, म्हणून बाबांनी तोच वेळ ठरवला होता. बाकीचे हौशी लोक थंडी पडली की गाड्या बाहेर काढायचे, आपली तेव्हा दुरुस्तीला आत जायची. 'प्लांटचं शटडाउन असतं तसं गाडीचं', म्हणायचे. तू आठवीत होतीस. त्या निघून जाणाऱ्या ब्रिटिश इंजिनियरकडून ती दोन सीटांची लाल गाडी घेतली, तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. तीन माणसांच्या घरात दोन सीटांची गाडी घेणारा माणूस काय विचार करत असेल, हे मला अजूनही कळलेलं नाही. तुम्ही दोघं मात्र पहिल्याच डिसेंबरला तिच्याखाली शिरलात. आधी तू पाने द्यायचीस, मग तू खाली आणि पाने द्यायला ते. ब्रेकचे पॅड, स्प्रिंगा, सायलेन्सर. तुझ्या शाळेच्या युनिफॉर्मवरचे ग्रीसचे डाग मी रॉकेल लावून काढलेत.

कुलुपाचा नियमही त्यांनीच घरी आणला. मला तो तेव्हा पोरखेळ वाटला होता. प्लांटमध्ये एखाद्या यंत्रावर काम करणाऱ्याने स्वतःचं कुलूप त्याच्या बंद केलेल्या स्विचवर घालायचं, नावाची पट्टी अडकवायची, किल्ली स्वतःच्या खिशात. काम संपलं की ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसरा कितीही मोठा साहेब असो, त्याने हात लावायचा नाही, कारण आत कुणाचा तरी हात असू शकतो. बत्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याचं कुलूप कधी तोडलं नव्हतं. हे ते पाहुण्यांना सांगायचे, जेवताना, मी पोळ्या वाढत असताना.

आणि तुझं तोडलं. तू केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला गेली होतीस. पूर्ण डिसेंबर तू स्प्रिंगांवर घालवला होतास आणि पहिली चक्कर कॉलनीच्या गेटच्या आत तू मारायची, असं ठरलं होतं. बाहेर चालवायची परवानगी सौदीत बायकांना जूनपासून मिळणार होती, पण गेटच्या आत कोण विचारतं. त्या दिवशी कॉर्निशला, समुद्राकाठच्या रस्त्यावर, सगळे हौशी गाड्या घेऊन जमणार होते. त्यांच्यातल्याच विजयभावजींचा फोन आला, 'हरिहरराव, आणताय ना?' बाबांनी कटर घेतला. मी विचारलं, तिला विचारलंत का? म्हणाले, 'घरचंच तर कुलूप आहे.' संध्याकाळी विजयभावजींनी ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तू पाहिलास. कुणीतरी विचारतं, स्प्रिंगा कुणी बसवल्या, आणि बाबा हसून म्हणतात, 'और कौन?'

दुसऱ्या दिवशी नवं पितळी कुलूप आणलंस, लावलंस, किल्ली त्यांना दाखवून स्वतःच्या पर्समध्ये टाकलीस. म्हणालीस, 'आता तोडून दाखवा.' ऑगस्टमध्ये कॅलगरीला गेलीस. त्यानंतर फोनवर तुझं त्यांच्याशी बोलणं म्हणजे 'औषध घेतलं का' आणि 'बरं, आईला द्या'. मी त्यात पडले नाही. दोघंही मोठी माणसं होतात.

तुला वाटलं असेल, तू गेल्यावर महिन्याभरात त्यांनी ते तोडलं. तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी तोडलं नाही; तू ते लावलंस त्या दिवसापासून गाडी सुरू झालेली नाही. तरीही दर डिसेंबरला शटडाउन झालं. न फिरलेल्या इंजिनाचं तेल बदललं जायचं. चाकं एका जागी बसून चपटी होऊ नयेत म्हणून ते गाडी हाताने ढकलून वीतभर पुढे घ्यायचे, पुढच्या आठवड्यात वीतभर मागे. रबराचे सगळे भाग बदलले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, दारांचं आतलं कापड बदललं. मजल्यावरचे लोक हसायचे. विजयभावजी एकदा म्हणाले, 'हरिहरराव, गाडी आहे की देव्हारा? कटर देऊ का?' बाबा म्हणाले, 'कुलूप लावणारी साइटवर नाहीये.' आणि मग, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, 'गाडीचं काम तिचं आहे, विजय. मी हेल्पर.' विजयभावजी पुन्हा हसले. बाबा नाही हसले.

मी त्यांना एकदा सरळ सांगितलं, फोन करा आणि माफी मागा, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणाले, 'ती आली की स्वतः काढेल.' एवढंच. हट्ट कुणाकडून घेतलास ते मला विचारू नकोस.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी इस्त्री करत होते आणि ते तुझी कपाटातली जुनी जीन्स टेबलावर पसरून टेपने मोजत होते. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून खाली. हाताला तेल. मी ओरडले, कपड्यांना डाग पडतात, भंगारात टाकायची असेल तर तसं सांगा. त्यांनी जीन्स घडी करून परत ठेवली आणि खाली गेले. मी पुढे विचारलं नाही.

इथे थांबते. पुढचं सकाळी.

सकाळ झाली आहे. शादाब येऊन गेला. सोबत सहर होती, त्याची बायको. गाडी तीच चालवणार आहे, तिचं लायसन्स निघून दोन वर्षं झाली. शादाब म्हणाला, 'काकी, मी नुसता स्पेअर पार्टवाला, ड्रायव्हर ही.' शाळेतला तो बुटका शादाब आता पोट सुटलेला गृहस्थ झाला आहे, पण काकी म्हणायचं सोडलं नाही. सहर आधी सीटवर बसून बघत होती. बसली आणि हसायला लागली. पाय पोचेनात. सीट पुढे घ्यायचा दांडा शोधला, तर नाही. बाबांनी गेल्या हिवाळ्यात जुनी सीट काढून रेसच्या गाडीतली सीट बसवली होती, जमिनीला बोल्टांनी पक्की. ती मागेपुढे होत नाही. मग मी बसून पाहिलं. माझे पाय क्लचपासून चांगले वीतभर अलीकडे राहिले. बाबा माझ्याहून जेमतेम दोन बोटं उंच होते.

त्या सीटवरून त्यांना गाडी चालवताच आली नसती, तन्वी. या घरात एवढे लांब पाय एकाच माणसाचे होते.

सहरने दार उघडून विचारलं, 'आंटी, पाणी देऊ?' मग मी शादाबला दहाचा पाना मागितला. तो म्हणाला, 'काकी, तुम्ही नका, मी कटरने एका मिनिटात करतो.' मी म्हटलं, कटरला हात लावलास तर गाडी मिळणार नाही. बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि चारही बोल्ट काढून स्विचच कुलपासकट बाहेर घेतला. बाबा म्हणाले असते, ही पळवाट आहे. असू दे. कुलूप तुटलं नाही. प्लांटचा नियम असा आहे की लावणारा साइट सोडून गेला असेल तर आधी त्याला गाठायचं, काम कुठवर आलं ते त्याला सांगायचं आणि मगच पुढे जायचं. बाबांना हे तुला सांगायचं होतं, त्यांनी सांगितलं नाही, आता ते सांगणार नाहीत. म्हणून मी लिहिलं. काम पूर्ण झालं आहे. कुलूप तू काढायचंस.

तुझीच,
आई

शादाबकडे दिलं: गाडी, गाडीच्या दोन्ही किल्ल्या, जुनी सीट तिच्या बोल्टांसह. तुझ्याकडे कुरियरने: बॅटरीचा स्विच, त्यावर तुझं पितळी कुलूप, बंद, आणि तुझ्या नावाची पट्टी. जीन्स मी ठेवून घेतली आहे.