पंख्यातल्या अक्षता

उकवा

प्रिय नूतन,

तुझी फार आठवण येते. आईला माझा नमस्कार सांग. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

दसऱ्याहून परत आल्यापासून लॅपटॉप तापत होता. गिऱ्हाइकाचा फॉर्म अर्धा भरला की बंद पडायचा. शेवटी बालाघाटला कुशलभाऊंच्या दुकानात नेला. त्यांनी तो उघडला आणि हसायलाच लागले. "खेमू, याच्या पोटात त तांदूळ शिजून राह्यले! एवढा जुना झाला, नवा काहून नाही घेत?"

तू दसऱ्याच्या पूजेत लॅपटॉपवर वाहिलेल्या अक्षता तुटलेल्या बटणाच्या फटीतून आत जाऊन पंख्यात अडकल्या होत्या. मनाला लावून घेऊ नकोस. झाकण मीच उघडं ठेवलं होतं.

नवा घेतला असता तर हप्त्यांसाठी दिवाळीतही काम करावं लागलं असतं आणि दिवाळीनंतरच्या जत्रेला, आपल्या मंडईला, रामपायलीला येणं राहिलं असतं. म्हणून दुरुस्त करायला सांगितला. किती टिकेल, हे पुन्हा पुन्हा विचारलं, तर ते म्हणाले, "हौ रे बाबा, चालते! पण लिहून नाही देत."

आता थोड्या थोड्या वेळाने त्याला हात लावून पाहतो, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

आईचा गुडघा कसा आहे? धान कापणीला आलं का? तू एकटीच राबत नाहीस ना?

कुशलभाऊ अक्षता फेकत होते, त्या मी मागून घेतल्या. कुंकू अजून लागलेलं आहे.

आज लॅपटॉप दिवसभर न थांबता चालला, म्हणूनच हे लिहितो आहे. मंडईला मी येतो. आईला आता सांगितलंस तरी चालेल.

तुझ्याकडे यायला निघालेलाच,
खेमराज