बार खाली ठेवताना

वस्ताद,

काल मी पोरींना वजन उचलायला शिकवते त्या हॉलवर बारच्या नव्या रबरी चकत्या आल्या. लाल, निळ्या, पिवळ्या, लहान मुलांच्या खेळण्यासारख्या. पोरींनी खोकी फोडली आणि नुसत्या उचलून आपटत बसल्या. चकती पडून परत वर उसळते, ह्याचंच त्यांना केवढं अप्रूप. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडायचं कशाला, आपटायलाच तर केल्यात त्या. पण माझे कान तुमच्या हाताखाली तयार झालेले. लोखंड जोरात पडलं की मी अजून दचकते. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडं रबर कुठलं आलंय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांची शेड, तिच्यामागं मालकानं वापरायला दिलेलं सुताचं गोडाऊन, खाली शहाबादी फरशी आणि तुम्ही कुठून कुठून गोळा केलेल्या बिडाच्या चकत्या. तुम्ही त्याच शेडमध्ये जॉबर, बिघडलेले माग सुरू करून देणारे. पाळी संपली की हात पुसत यायचात, बोटांना वंगणाचा वास तसाच असायचा. माझी आई तिथंच टॉवेलांना शिलाई मारायची. तिची वाट बघत नुसती बसण्यापेक्षा पोरगी काहीतरी करतेय, एवढ्यावर ती खूश होती. पहिल्यांदा बार डोक्यावर गेला तेव्हा मी आनंदानं तो दिला सोडून. फरशी तडकली, चकतीचा टवका उडाला. माग धडधडत होते, तरी पलीकडं सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "भाकरी झाली की घरी तवाबी असाच फेकतीस व्हय गं?" मी टवका उचलायला वाकले. "वर न्यायला कुनालाबी येतंय. खाली ठिवून दाव." मग रोज तेच. बार वर जाईपर्यंत तुम्ही गप्प असायचात. तो खांद्यावर, तिथून मांडीवर, तिथून फरशीवर येईस्तोवर मात्र तुमच्या मैंदर्गीच्या कानडीत चालू, "मेल्लगे, मेल्लगे." हळू, हळू. मला कानडी येत नव्हती. तो एकच शब्द मी शिकले.

सराव झाला की तुमच्या घरी जेवायचं. तुमच्या बायकोला आम्ही सगळी पोरं अक्काच म्हणायचो. मी हे लिहितेय आणि मनानं तुमच्या स्वयंपाकघरात बसलेय, अक्का भाकरी थापतायत, चुलीपाशी शेंगाचटणीचं उखळ मांडलेलं आहे. स्पर्धा जवळ आली की वजनगटात बसायची पंचाईत. तुम्ही अक्कांना कमी वाढायचं बजावून हात धुवायला गेलात, की अक्का माझ्या चटणीवर दह्याची भली मोठी कवडी ठेवायच्या. "ह्यांचं काय ऐकतीस. लोखंड उपाशी पोटी उचलतंय व्हय कुटं." तुम्हाला ते माहीत असायचं. तुम्ही मुद्दाम वेळ लावून हात धूत होतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

जिल्हा झाला, राज्य झालं, मग देशाच्या शिबिरात निवड झाली. तिथं लाकडी फलाट, रबरी चकत्या, सगळ्या मुली खूण झाली की बार वरूनच सोडायच्या. मी उतरवायचे. प्रशिक्षकांनी समजावलं, चिडले, शेवटी हात टेकले. मुली म्हणायच्या, सोलापूरवाली काचेची भांडी लावतेय. मला त्याचा राग येत नव्हता.

परदेशातल्या त्या मोठ्या स्पर्धेत, खांद्यावरून डोक्यावर न्यायच्या क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात, मी जन्मात उचललं नव्हतं एवढं वजन डोक्यावर धरलं. पंचांची खाली ठेवायची खूण झाली. तेव्हा बार नुसता समोरून खाली जाऊ दिला असता तर झालं होतं. मी बार खांद्यावर घेतला आणि उजव्या खांद्यात जुनं फडकं फाटावं तसं काहीतरी फाटलं. तरी तो फलाटावर ठेवला तो हळूच. तिसरा प्रयत्न मला घेताच आला नाही. बाजूला बर्फ लावून बसले आणि माझ्यासमोर दुसरी एक मुलगी माझ्या पुढं गेली. कांस्य तिच्या गळ्यात पडलं. नंतर मी स्पर्धांना उभी राहिले, पण खांदा परत पहिल्यासारखा झाला नाही.

स्टेशनवर तुम्ही पदकाचं विचारलं नाहीत. माझी बॅग घेतलीत आणि म्हणालात, "खांदा कसा हाय?" पुढं मालकाच्या ऑफिसात त्या स्पर्धेची सीडी लावली. तुम्ही उभ्यानंच बघितलीत. "तितं रबर हुतं की गं," तुम्ही म्हणालात. "मग उतरवलंस कशाला?" मी फाडकन बोलले, "तुमीच शिकवलं न्हवं?" तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून मागांकडं निघून गेलात.

मग एका सुट्टीला तुम्ही टेंभुर्णीहून ट्रकचे जुने टायर टेम्पोत घालून आणलेत. कापून, सपाट करून, पट्ट्या मारून गोडाऊनमध्ये त्यांचा फलाट केलात. एक कोपरा काही केल्या बसेना, त्याच्याखाली तुम्ही सूत गुंडाळायच्या कोनाचा पुठ्ठा दाबलात. पोरांना म्हणालात, "आता टाका खुशाल." आणि मला, "खांदा बरा झाला की तूबी एकदा टाक. मला ऐकायचंय." मी म्हटलं, बघू. बघू म्हणतच राहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात मागाशेजारीच तुमच्या छातीत कळ आली. तुम्ही गेल्यावर अक्का म्हणाल्या, "पोरीचा खांदा मी खाल्ला, असंच म्हनत हुते बघ, शेवटपातुर."

शेड बंद झाली तेव्हा तुमचा फलाट मी इथं आणला. आज संध्याकाळी पोरी गेल्यावर त्यावर उभी राहिले. हलकाच बार घेतला. उजवा खांदा कुरकुरला, पण बार वर गेला. आणि मी सोडला. पत्रे थरथरले. मी लगेच मागं वळून बघितलं, तुम्ही तव्याचं काही म्हणताय का.

वस्ताद, त्या स्पर्धेत रबर आहे हे मला माहीत होतं. बार मी सवयीनंही उतरवला नव्हता. एवढ्या परक्या माणसांत कुणाचीच भाषा कळत नव्हती, आणि बार खाली आणताना मला तुमचं "मेल्लगे" ऐकू यायचं. ते मला ऐकायचं होतं. खांदा तुम्ही नाही खाल्लात.

फलाटाखालचा तुमचा पुठ्ठा कधीच कुजला, कोपरा परत उचललाय. हा कागद चार घड्या घालून तिथंच सारते. उद्यापासून पोरी त्यावर बार टाकतील.